क्षचा ठावठिकाणा

ज्या काळी समीकरणे केवळ कागदावर सुटत असत, त्या काळी प्रत्येक समीकरणाला एक उत्तर असे, आणि ते पाठ्यपुस्तकाच्या शेवटच्या पानांत, विद्यार्थ्याने तेथवर जाऊ नये अशी अपेक्षा बाळगून, पण तो गेलाच तर त्याची गैरसोय होऊ नये इतक्या सुबक रीतीने, अनुक्रमांकानिशी छापलेले असे. ‘म्हणून क्ष = ३’ असे लिहून त्याखाली पट्टीने दोन रेघा ओढल्या की प्रकरण निकालात निघे. क्ष हा इसम इतका वेळ कोठे दडून होता, तो एकटाच होता की त्याचे आणखी भाऊबंद होते, तो वास्तव संख्यांच्या मुलखातील कायमचा रहिवासी होता की संमिश्र संख्यांच्या परमुलखातून आलेला होता, ह्या चौकशीत पडण्याचे प्रयोजन शिक्षकांना वाटत नसे; आणि तास संपल्याची घंटा झाल्यावर विद्यार्थ्यांना ते वाटावे अशी अपेक्षा करणे मनुष्यस्वभावाच्या विरुद्ध झाले असते. वर्गसमीकरणाला दोन उत्तरे येतात हे पुढे यथाकाल कळे, पण त्यांतले एक बहुधा ऋण निघे, आणि आयताची लांबी ऋण असू शकत नसल्याने ‘अग्राह्य’ असा शेरा मारून ते रद्द केले जाई. अखेर उत्तर एकच उरे आणि जगाचा कारभार सुरळीत चाले.

हल्ली हे काम बैजिक गणित जाणणाऱ्या सॉफ्टवेअरकडे सोपविण्याचा प्रघात पडला आहे. साध्या गणकयंत्राला दोनाचे वर्गमूळ विचारले तर ते १.४१४२१३५६ असे काहीतरी सांगून मोकळे होते. हे सॉफ्टवेअर मात्र दोनाचे वर्गमूळ म्हणजे दोनाचे वर्गमूळ, त्यात एका दशांशाचीही तडजोड व्हावयाची नाही, असा करारी बाणा राखून अक्षरांशी अक्षरे म्हणूनच व्यवहार करते. १९६८ साली अमेरिकेतील एमआयटी ह्या संस्थेत एंगलमन, मार्टिन आणि मोझेस ह्या त्रयीने ह्या जातीचा एक मोठा प्रकल्प हाती घेतला. त्याचा वारसा आज मॅक्सिमा ह्या नावाने फुकट उपलब्ध आहे. १९८० साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात मेपलचा जन्म झाला, १९८८ साली स्टीफन वुल्फ्रम ह्यांनी मॅथेमॅटिका बाजारात आणले, आणि ह्या शतकाच्या पहिल्या दशकात ओंद्रेय चेर्तीक नावाच्या चेक तरुणाने पायथन भाषेत सिम्पायचा पाया घातला. ह्या शेवटच्या इमारतीला आपल्याकडील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचेही पुष्कळ हात लागले आहेत, ही गोष्ट पुढील मजकूर वाचताना ध्यानात ठेवावी. तिच्या कारभारात आपल्याला जो एक ओळखीचा वास येतो तो कदाचित त्यामुळेच येत असेल.

कारण ह्या कारभाराला उपमा द्यावयाचीच झाली तर ती तालुक्याच्या कचेरीचीच द्यावी लागेल. सिम्पायच्या कचेरीत समीकरणांच्या खात्यावर दोन कारकून बसतात. एकाचे नाव सॉल्व्ह. हा जुना, बहुश्रुत, कामाला वाघ, आणि अर्जदाराला रिकाम्या हाती परत पाठविणे शक्यतो टाळणारा आहे. दुसऱ्याचे नाव सॉल्व्हसेट. हा नव्या नियमावलीबरोबर भरती झालेला असून, जे सांगावयाचे ते संपूर्ण सांगावयाचे, आणि संपूर्ण सांगता येत नसेल तर तेही संपूर्णपणे सांगावयाचे, अशी शपथ घेऊनच तो खुर्चीवर बसलेला आहे. दोघांच्या टेबलांवर एकच अर्ज ठेवून पाहिला म्हणजे मनुष्यस्वभावाचे जे दोन ध्रुव शासकीय इमारतींत पिढ्यान्‌पिढ्या आढळत आले आहेत, ते संगणकाच्या पडद्यावरही आढळतात.

‘ज्या क्ष = ०’, म्हणजे हल्लीच्या भाषेत ‘साइन क्ष = ०’, हा अर्ज घ्या. सॉल्व्ह तत्काळ दोन उत्तरांची यादी देतो : शून्य आणि पाय, म्हणजे शाळेच्या भाषेत शून्य अंश आणि १८० अंश. वस्तुतः ह्या समीकरणाच्या उकली अनंत आहेत. ३६० अंशांना आहे, ५४० ला आहे, उणे १८० ला आहे, आणि दोन्ही दिशांना ही रांग कधी संपत नाही. त्यांतल्या दोन हातावर ठेवून उरलेल्या अनंतांबद्दल अवाक्षरही न काढण्यात सॉल्व्हचा जो व्यवहारी शहाणपणा दिसतो तो सहजासहजी साध्य होणारा नव्हे. अर्जदाराला कामापुरते मिळाल्याशी कारण. बाकीचे त्याला हवे असते तर त्याने मागितले असते, हा त्याचा सिद्धान्त. सॉल्व्हसेटला असला सिद्धान्त मानवत नाही. तो दोन संच काढतो, एक ‘दोन न पाय’ अशा संख्यांचा आणि दुसरा ‘दोन न पाय अधिक पाय’ अशा संख्यांचा, त्यांचा संयोग करतो, ‘न हा कोणताही पूर्णांक’ अशी तळटीप जोडतो, आणि हे दफ्तर आपल्या स्वाधीन करतो. उत्तर संपूर्ण, निर्दोष आणि सप्रमाण आहे. फक्त ते आलेखावर मांडावयाचे कसे, किंवा पुढच्या सूत्रात घालावयाचे कसे, हे त्या दफ्तरात कोठेही नमूद नाही.

सॉल्व्हचे उत्तर कोणत्या आकाराच्या लखोट्यात येईल ह्याचाही नेम नसतो. एका समीकरणाच्या उकली साध्या यादीत येतात. दोन रेषीय समीकरणांची जोडी दिली तर उत्तर कोशाच्या रूपाने येते, म्हणजे ‘क्ष : २, य : ५’ असे नावनिशीवार. आणि जोडीतले एक समीकरण जरा वाकडे निघाले की तीच माहिती कंसांतील युग्मांची यादी बनून येते. ज्याने आपली आज्ञावली यादी येणार असे धरून लिहिली त्याच्यापुढे कोश येऊन पडतो, आणि ज्याने कोशाची तयारी ठेवली त्याला युग्मे मिळतात. उलट सॉल्व्हसेट नेहमी संचच देणार. परंतु संचात पहिला-दुसरा असा क्रम नसतो, हे गणितातील सत्य तो इतक्या कसोशीने पाळतो की ‘त्यातली पहिली उकल द्या’ असे म्हणताच तो अर्ज नामंजूर करतो. मग त्याची यादी करून मागावी, तर संच अनंत असल्यास यंत्र इमानेइतबारे यादी करीत बसते. ते थकत नाही आणि आपणहून थांबतही नाही. शेवटी आपल्यालाच कळफलकावरून त्याला आवरावे लागते.

आता रिकाम्या उत्तराविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण ह्या सर्व शास्त्रात मला हाच भाग सर्वाधिक रमणीय वाटतो. ‘अमुक इसम येथे राहत नाही’, ‘अमुक इसमाचा तपास लागला नाही’ आणि ‘येथे राहणारे सर्वच अमुक आहेत’ ह्या तीन विधानांत फरक आहे, हे कोणताही पोस्टमन सांगेल. परंतु सॉल्व्ह रिकामी यादी देतो तेव्हा तिचा अर्थ उकल नाही असाच असेल असे नाही. ती सापडली नाही असाही असू शकतो, असे सिम्पायच्या मार्गदर्शिकेतच स्वच्छ लिहिलेले आहे. मॅथेमॅटिकाने ह्याबाबतीत अधिक बारकावा दाखविला आहे. ‘क्ष बरोबर क्ष अधिक १’ असे अशक्य समीकरण दिले तर ते महिरपी कंसांची एक रिकामी जोडी परत करते. आणि ‘क्ष बरोबर क्ष’ असे सदासत्य समीकरण दिले तर रिकाम्या जोडीच्या पोटात दुसरी रिकामी जोडी घालून देते. पहिल्याचा अर्थ ‘कोणीही नाही’, दुसऱ्याचा अर्थ ‘वाटेल तो’. शून्य आणि सर्वस्व ह्यांत एका कंसाचे अंतर असावे, ही गोष्ट वेदान्त्याला आवडेल. पण पहाटे दोन वाजता प्रबंधाचा शेवटचा अध्याय टंकलिखित करणाऱ्या संशोधकाला आवडेलच असे नाही. मेपलची रीत ह्याहून उदात्त आहे. उकल नसली तर ते काहीच बोलत नाही. आज्ञा दिली, खूण लुकलुकली, खालची ओळ कोरी. क्वचित एखादी सूचना उमटते, तिचा आशय असा की काही उकली हरवल्या असण्याचा संभव आहे. कोठे हरवल्या, केव्हा हरवल्या, आणि त्या वेळी जबाबदार अधिकारी कोण होते, ह्याचा उल्लेख नसतो.

सॉल्व्हसेटच्या निष्ठेची परिसीमा पाहावयाची असेल तर त्याला ‘कोज्या क्ष = क्ष’ हे समीकरण द्यावे. हल्लीची मुले कोज्येला कॉस म्हणतात. ह्या समीकरणाला वास्तव संख्यांत नेमकी एकच उकल आहे आणि ती कोणीही आलेख काढून डोळ्यांनी पाहू शकतो. पण ती नेहमीच्या फलनांच्या साहाय्याने सूत्ररूपात लिहिता येत नाही. सॉल्व्ह अशा वेळी हात वर करतो आणि ह्या प्रकारासाठी आपल्याकडे कोणतीही रीत उपलब्ध नाही असे कळवितो. सॉल्व्हसेट हात वर करीत नाही. आमच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला एका विद्यार्थ्याने हा प्रयोग केला आणि मला बोलाविले.

“सर, उत्तर आलंय.”

“मग उतरवून घे की वहीत.”

“उतरवलं, सर. पण ते प्रश्नासारखंच दिसतंय.”

मी पडद्यावर पाहिले. तेथे लिहिले होते, त्याचा मराठी तर्जुमा असा : ‘जे वास्तव संख्यांपैकी आहेत आणि ज्यांच्या बाबतीत उणे क्ष अधिक कोज्या क्ष बरोबर शून्य आहे, अशा सर्व क्षंचा संच.’

“हे तर आपणच विचारलं होतं ना, सर?”

“होय. पण आपण विचारलं तेव्हा तो प्रश्न होता. आता त्याला संचाचा दर्जा मिळाला आहे.”

त्याने क्षणभर विचार केला आणि परीक्षार्थीला शोभेल असा एकच प्रश्न केला : “मार्क मिळतील?”

परीक्षक कोण आहे त्यावर ते अवलंबून आहे, असे मी त्याला सांगितले, आणि आजही माझे मत तेच आहे. कारण ह्या उत्तरात खोटे काहीच नाही. ‘आपण ज्या इसमाचा शोध करीत आहात तो, शोध लागल्यास, आपण वर्णिल्याप्रमाणेच असेल’ असे लेखी प्रमाणपत्र देणारा कारकून असत्य बोलत नाही; त्याच्यावर खातेनिहाय चौकशी लावता येत नाही. शिवाय सॉल्व्हसेटच्या कर्त्यांनी उत्तरांचे जे प्रकार विचारात घेतले, एक उकल, अनेक उकली, उकल नाही, उकलींचा संपूर्ण पट्टा, अनंत उकली, त्यांत ‘आम्हांस ठाऊक नाही’ ह्या प्रकाराला त्यांनी मानाचे स्थान दिलेले आहे. आपले अज्ञान इतक्या व्यवस्थित चौकटीत बसवून, सही-शिक्क्यानिशी देण्याची विद्या आपल्याकडे पूर्वी फक्त सचिवालयातच शिकावयास मिळत असे.

मॅक्सिमाने ह्याच समीकरणाला दिलेले उत्तर त्याहून संक्षिप्त आहे. ‘कोज्या क्ष = क्ष, तर क्ष म्हणजे काय?’ असे विचारता ते सांगते : ‘क्ष = कोज्या क्ष’. बाजू बदलल्या आहेत, एवढाच काय तो कामाचा निपटारा. सेज नावाचे जे दुसरे मुक्त सॉफ्टवेअर आहे ते समीकरणांच्या बाबतीत मॅक्सिमाचाच सल्ला घेते, म्हणून त्याच्याकडूनही हेच ऐकावयास मिळते. मॅक्सिमाचा स्वभाव तसा संवादी आहे. संकलन करावयास सांगितले की ते मध्येच थांबून ‘अ हा धन आहे की ऋण?’ असे विचारते. आपण ‘धन’ म्हणून सांगावे, ते पुढे चालू लागते. ही चौकशी मला मनापासून आवडते. सगळी कागदपत्रे घेऊन, तीन महिन्यांनी, ‘अर्जात अ च्या चिन्हाचा उल्लेख नाही’ असा शेरा मारून फाईल परत करण्यापेक्षा तोंडावर विचारणे केव्हाही बरे.

पंचघाती समीकरणांच्या दालनात शिरल्यावर तर बहुतेक कारकून एका सुरात बोलू लागतात. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाची उकल मूळचिन्हांच्या साहाय्याने सूत्रात मांडता येत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने १८२४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, सिद्ध केले. तेव्हा ‘क्षचा पाचवा घात उणे क्ष उणे १ बरोबर शून्य’ असे विचारले असता यंत्र पाच उकली देते. पहिलीचे नाव ‘क्षचा पाचवा घात उणे क्ष उणे १ ह्या बहुपदीचे पहिले मूळ’, दुसरीचे नाव ‘त्याच बहुपदीचे दुसरे मूळ’, आणि ह्याच क्रमाने पुढे. जमिनीचा मालक कोण, तर सातबाऱ्यावर मालक म्हणून ज्याचे नाव आहे तो, हा खुलासा ऐकून पहिल्याने मनुष्य संतापतो. परंतु न्यायाने बोलावयाचे तर हे उत्तर दिसते तितके पोकळ नाही. ह्या नावाच्या आधारे त्याच मुळाची किंमत पन्नास दशांशस्थळांपर्यंत मागा, यंत्र ती देते. त्यातले एकमेव वास्तव मूळ १.१६७३०३९७ पासून सुरू होते. ज्याला नाव ठेवता येते त्याला हाक मारता येते, एवढे तरी सौजन्य ह्या खात्यात शिल्लक आहे.

त्रिघातीत उलटा प्रकार. तेथे सूत्र आहे, १५४५ साली कार्दानोने ते ग्रंथात छापून जाहीरही केले, आणि नेमका तोच घोटाळा आहे. ‘क्षचा घन उणे ३क्ष अधिक १ बरोबर शून्य’ ह्या निरुपद्रवी समीकरणाची तिन्ही मुळे वास्तव आहेत. पण कार्दानोच्या वाटेने गेल्यास उणे संख्यांच्या वर्गमुळांतून, म्हणजे काल्पनिक संख्यांच्या हद्दीतूनच जावे लागते, आणि तो वळसा मूळचिन्हांच्या भाषेत टाळता येत नाही हे गणितज्ञांनी सिद्धच करून ठेवले आहे. मग ह्या मुळांपैकी एकाची दशांशात किंमत काढली की १.५३२०८८८८ हा आकडा येतो आणि त्याच्या मागून ‘अधिक शून्य गुणिले आय’ असे काल्पनिक शेपूट. बाकी काही नाही, रक्कम शून्य आहे, पण नोंद मात्र बंद झालेली नाही.

ह्या सर्व यंत्रांना जी एक गोष्ट अवगत नाही, ती आमच्या मुलखातल्या एका गणितज्ञाला आठशे वर्षांहून अधिक काळापूर्वी अवगत होती. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इसवी सन ११५० साली, ‘सिद्धान्तशिरोमणि’ रचला. आपले नगर सह्याद्रीच्या आश्रयाला असल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे, आणि त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी नातू चांगदेवाने मठ स्थापन केल्याचा शिलालेख चाळीसगावनजीक पाटण येथे सापडला आहे. त्यांच्या बीजगणितात माकडांची दोन उदाहरणे आहेत. पहिल्यात कळपाच्या अष्टमांशाचा वर्ग वनात खेळतो आहे आणि उरलेली बारा माकडे टेकडीवर आहेत. कळपात ४८ माकडे किंवा १६ माकडे, दोन्ही उत्तरे बरोबर, आणि आचार्यांनी दोन्ही दिली आहेत. दुसऱ्यात कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येचा वर्ग गुहेत शिरला आहे आणि एक माकड फांदीवर चढलेले दिसते. येथेही उत्तरे दोनच : ५० आणि ५.

आता पाचाचा ताळा करून पाहा. पाचाचा पंचमांश एक. त्यातून तीन गेले, उणे दोन. उणे दोनाचा वर्ग चार. चार माकडे गुहेत, एक फांदीवर, एकूण पाच. हिशेब इतका चोख की कोणत्याही लेखापरीक्षकाने डोळे मिटून सही करावी. सिम्पाय ही दोन्ही उत्तरे, पाच आधी आणि पन्नास नंतर, निर्विकारपणे देते. क्ष हा धन पूर्णांक आहे अशी अट आपण आरंभीच घालून दिली तरीही देते, कारण पाच हाही धन पूर्णांकच आहे. नियमावलीत पाचाला अडविणारे एकही कलम नाही. भास्कराचार्यांनी मात्र पाच नाकारले. त्यांचे म्हणणे असे की, ऋण झालेल्या व्यक्त राशीवर लोकांचा विश्वास बसत नाही. बारकावा ध्यानात घ्या : माकडांची संख्या ऋण नव्हती, गुहेत गेलेली माकडेही ऋण नव्हती, ऋण होती ती मधल्या पायरीवरची एक राशी, जी उत्तरात कोठेही दिसत नाही. आचार्यांनी तेथवर जाऊन पाहिले, आणि कारण कोणते दिले तर ‘लोक’. समीकरणाला लोकांचे काय पडले आहे, असा प्रश्न विचारणारा मनुष्य यंत्रांत फार लवकर बढती पावेल. पण माकडे मोजण्याच्या कामावर मी त्याला नेमणार नाही.

उलट दिशेचा अतिरेक मॅथेमॅटिकाच्या रिड्यूस ह्या आज्ञेत पाहावयास मिळतो. ‘अ गुणिले क्ष बरोबर ब’ हे सातवीतले समीकरण. तेथील सॉल्व्ह सरळ ‘ब भागिले अ’ म्हणतो. अ शून्य असला तर काय, हा विचार त्याच्या मनाला शिवत नाही. रिड्यूस मात्र खरेदीखत लिहिणाऱ्या वकिलाच्या सावधपणाने सांगतो : अ शून्य नसेल तर क्ष म्हणजे ब भागिले अ, अथवा अ आणि ब हे दोघेही शून्य असतील तर क्ष वाटेल ती संख्या. ठीक. वर्गसमीकरण द्या, कलमे वाढली. तीन अक्षरांची दोन समीकरणे द्या, आणि ‘अथवा’, ‘आणि’, ‘परंतु शून्य नसल्यास’ ह्यांनी पडदा भरून खाली वाहू लागतो. त्या मजकुरात आपल्याला हवे असलेले उत्तर निश्चितपणे आहे, ह्याबद्दल मला शंका नाही. सरकारी गॅझेटमध्येही असतेच.

तेव्हा सरळ निकाल द्यावयाचा तर तो असा. शिकविण्यासाठी सॉल्व्हसेट वापरावा, कारण शून्य आणि पाय ह्या दोन उत्तरांवर समाधान मानणारा विद्यार्थी पुढे पूल बांधणार आहे. स्वतःच्या कामासाठी सॉल्व्ह वापरावा, कारण आपल्याला संध्याकाळी घरी जावयाचे असते. आणि दोहोंपैकी कोणीही उत्तर दिले तरी ते मूळ समीकरणात घालून ताळा करावा. ताळा जुळला तरी मधल्या पायऱ्यांवर कोणी उणे दोन माकड बसलेले नाही ना, हेही पाहावे.

राहता राहिला ‘कोज्या क्ष = क्ष’ चा प्रश्न, ज्याचे उत्तर सॉल्व्हने दिले नाही आणि सॉल्व्हसेटने संचाच्या रूपात परत केले. मॅक्सिमाचे ते हास्यास्पद उत्तर, क्ष म्हणजे कोज्या क्ष, उत्तर म्हणून न वाचता हुकूम म्हणून वाचावे. एखादे स्वस्तातले शास्त्रीय गणकयंत्र घ्यावे, ते अंशांऐवजी रेडियनवर ठेवावे, मनात येईल ती संख्या त्यात घालावी आणि कॉसचे बटण दाबीत राहावे. पस्तीस-चाळीस वेळा दाबल्यावर पहिली सहा दशांशस्थळे हलेनाशी होतात, आणि समोर ०.७३९०८५ ही संख्या उभी असते. तीच उकल आहे, आणि वास्तव संख्यांत दुसरी नाही.